विश्लेषण : सोलापूरच्या डॉक्टरची वही चीनच्या संग्रहालयात कशी? डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी तेथे नेमके काय केले?

चीनमधील हेबेई प्रांताची राजधानी शीजियाझुआंग. तेथील हुतात्मा दफनभूमीच्या आवारात एक छोटे संग्रहालय आहे. त्यात युद्धकाळातील शस्त्रक्रियेची हत्यारे आहेत, जुनी छायाचित्रे आहेत आणि एक वहीही आहे. वहीत चिनी शब्द आणि त्यांचे अर्थ टिपलेले आहेत. भारतातून चीनकडे निघालेल्या जहाजावर एका तरुण डॉक्टरने ही शब्दसूची तयार करायला घेतली होती. त्या डॉक्टरचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस, गाव सोलापूर.

सोलापूरकरांना हे नाव नवे नाही. भैया चौकातून जाणाऱ्या प्रत्येकाने डॉ. कोटणीस स्मारकाची पाटी पाहिलेली असते. व्ही. शांताराम यांचा चित्रपट अनेकांच्या आजी-आजोबांनी पाहिलेला असतो. पण डॉ. कोटणीस चीनमध्ये गेले आणि तेथेच वारले, यापलीकडे बहुतेकांना फारसे सांगता येत नाही. ते तेथे कोणते काम करत होते, कोणत्या साधनांनी करत होते आणि वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचा मृत्यू कशाने झाला?

सोलापूर ते मुंबई…

डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. दोन भाऊ आणि पाच बहिणी असे मोठे मध्यमवर्गीय कुटुंब. वडील शांताराम गिरणीत नोकरीला होते. त्या वेळचे सोलापूर म्हणजे गिरण्यांचे गाव. भोंग्यावर दिवस सुरू व्हायचा आणि भोंग्यावरच संपायचा. द्वारकानाथ विशीत होते तेव्हा, मे १९३० मध्ये, याच शहराने इंग्रजांचा लष्करी कायदा अनुभवला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी दिले गेले. घरातला मुलगा मुंबईत डॉक्टर होत असताना त्याच्या गावात हे सारे घडत होते.

वैद्यकीय शिक्षण त्यांनी मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. परळच्या केईएम रुग्णालयाला जोडलेले हेच ते जी. एस. मेडिकल. पदवीनंतर पुढच्या शिक्षणाची तयारी सुरू होती. सगळे सरळ चालले असते, तर मुंबईत किंवा सोलापुरात दवाखाना, बहिणींची लग्ने आणि घरची जबाबदारी असा मार्ग ठरलेला होता.

चीनला जाण्याचे कारण काय?

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केले. वर्षअखेरपर्यंत शांघाय आणि नानजिंग पडले. चीनकडे सैनिक होते, डॉक्टर मात्र फारच कमी. कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू द यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी ३० जून रोजी जनतेला आवाहन केले आणि सुमारे २२ हजार रुपयांचा निधी उभा राहिला. भारत स्वतः पारतंत्र्यात होता. अशा देशाने दुसऱ्या देशाच्या युद्धात रुग्णपथक पाठवणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

पथकात पाच डॉक्टर होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल होते. स्पेनच्या यादवी युद्धात काम केल्याने रणांगणाचा अनुभव असलेले पथकातील ते एकटेच. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत ज्येष्ठ होते. कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि पाचवे डॉ. कोटणीस. म्हणजे पाचांत दोघे मराठी मुलखातले. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या जहाजाने पथकाने मुंबई सोडली. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. शब्दांची ती वही याच प्रवासातली.

१७ सप्टेंबरला पथक कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला पोहोचले. सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग त्यांच्या स्वागताला आल्या होत्या. पुढचे काही महिने माघारीचे होते. ऑक्टोबरमध्ये आधी कँटन पडले, लगोलग वुहानही जपान्यांच्या हाती गेले. पथक यीचांगमार्गे चोंगछिंगला सरकले. तेथे प्रत्येकाला चिनी नाव मिळाले. शांतिनिकेतनात शिकवणारे प्राध्यापक तान युन-शान यांनी पाचही नावांच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. त्याचा अर्थ चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. चीनमध्ये आजही त्यांना याच नावाने ओळखतात. कोटणीस म्हटले तर तेथील शाळकरी मुलाला कळणार नाही, के दिहुआ म्हटले की कळते.

चोंगछिंगमध्येच त्यांना घरची बातमी कळली. वडील गेले होते. घरात धाकटी भावंडे होती, मोठ्या कुटुंबाचा आधार गेला होता आणि पथकातल्या कोणीही परत जाण्यासाठी त्यांना बोल लावला नसता. सहकाऱ्यांनी त्यांना घरी जाण्याचाच सल्ला दिला. ते गेले नाहीत. आज वाचताना हा निर्णय थोर वाटतो. पण सोलापुरातल्या घरी तेव्हा तो कसा पोहोचला असेल, याचाही विचार करायला हवा. ते सोलापूरला पुन्हा कधीच आले नाहीत.

गुहेतले रुग्णालय कसे होते?

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक यानानला पोहोचले. माओ झेदोंग आणि कम्युनिस्ट नेतृत्वाचा हा तळ पिवळ्या मातीच्या डोंगराळ भागात होता. जपानी विमाने बॉम्ब टाकत, म्हणून माणसे डोंगराच्या कुशीत कोरलेल्या गुहांमध्ये राहत आणि रुग्णालयेही तेथेच चालत. माती मऊ असल्याने गुहा कोरणे सोपे होते. जाड मातीमुळे थंडीत ऊब राहायची, उन्हाळ्यात गारवा. अडचण होती ती प्रकाशाची आणि पाण्याची, आणि शस्त्रक्रियेला नेमक्या याच दोन गोष्टी भरपूर लागतात.

पथक हळूहळू लहान होत गेले. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच प्रकृतीच्या कारणाने परतले. नोव्हेंबर १९३९ मध्ये अटल, बसू आणि कोटणीस यानान सोडून प्रत्यक्ष आघाडीकडे निघाले. पुढे आजारी पडलेले अटलही मायदेशी परतले.

त्याच नोव्हेंबर महिन्याच्या १२ तारखेला, ते जात होते त्याच भागात, एक परदेशी शल्यविशारद मरण पावला. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली, संसर्ग रक्तात पसरला आणि काही दिवसांत सारे संपले. जपानी आघाडीमागच्या डोंगराळ भागातल्या शस्त्रक्रियेची जी पद्धत बेथ्यून यांनी बसवली होती, तीच पुढे कोटणीस यांच्या हाती आली. दोघांची भेट मात्र कधी झाली नाही. जून १९४० मध्ये कोटणीस आणि बसू बेथ्यून यांच्या समाधीवर पोहोचले.

खेचरावरचे शस्त्रक्रियागृह म्हणजे काय?

डॉ. कोटणीस यांचे काम समजून घ्यायचे तर हे साधन समजून घ्यावे लागते. माणूस जखमी झाल्यापासून त्याच्यावर शस्त्रक्रिया होईपर्यंत जो वेळ जातो, त्यावर त्याचे जगणे-मरणे ठरते. गोळी किंवा बॉम्बचा तुकडा शरीरात शिरताना कपड्यांचे धागे आणि माती सोबत नेतो. आत फाटलेल्या, रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूंत जंतू वाढतात. त्यातले काही प्राणवायू नसलेल्या जागी झपाट्याने वाढतात आणि त्यातून गॅस गँगरीन होते. एकदा ते पसरले की हात किंवा पाय कापण्यावाचून उपाय उरत नाही, आणि पुष्कळदा तोही उशिरा ठरतो.

पेनिसिलिन तेव्हा नव्हते. ऑक्सफर्डमध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला टोचले गेले फेब्रुवारी १९४१ मध्ये आणि सैनिकांपर्यंत मुबलक पोहोचायला आणखी दोन-तीन वर्षे गेली. सल्फा गटातली औषधे नुकतीच आली होती, पण वेढ्यातल्या डोंगराळ भागात ती पोहोचणार कशी? त्यामुळे खरा इलाज एकच होता. जखम लवकरात लवकर उघडायची, मेलेला स्नायू कापून काढायचा, आतली घाण धुवायची आणि हाड मोडले असेल तर खपच्या बांधून अवयव स्थिर ठेवायचा. हे सगळे काही तासांत व्हायला हवे.

आता भूगोल पाहा. रस्ते नाहीत, गाड्या नाहीत, रेल्वे शत्रूच्या ताब्यात. जखमीला झोळीत घालून डोंगर ओलांडत रुग्णालयात न्यायचे तर दोन-तीन दिवस सहज जात. म्हणून बेथ्यून यांनी गणित उलटे मांडले. जखमी रुग्णालयाकडे येऊ शकत नसेल, तर रुग्णालयाने जखमीकडे जायचे. त्यांनी खेचराच्या पाठीवर बसेल असे लाकडी खोगीर तयार करून घेतले. दोन्ही बाजूंना कप्प्यांच्या पेट्या, वर कमान. आकार पुलासारखा दिसे म्हणून त्याला नाव पडले ‘लुगोउछियाओ’. बीजिंगजवळच्या ज्या पुलावर हे युद्ध पेटले, त्याचेच हे नाव. एका खोगिरात १०० शस्त्रक्रिया, ५०० मलमपट्ट्या आणि ५०० औषधयोजना होतील इतके सामान बसत असे.

अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर ही उत्तम रचना होती. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, वजन दोन्ही बाजूंना सारखे, उतरवले की थोड्या वेळात काम सुरू आणि हल्ला झाला की तितक्याच लवकर पुन्हा पाठीवर. गावातल्या एखाद्या घराचा दरवाजा काढून त्याचे शस्त्रक्रियेचे टेबल करता येई. भांड्यात पाणी उकळून हत्यारे निर्जंतुक करायची. पट्ट्या फेकायच्या नाहीत, धुऊन आणि उकळून पुन्हा वापरायच्या. ज्या मुंबईत कोटणीस शिकले तेथील मोठ्या रुग्णालयाच्या सवयी येथे उपयोगाच्या नव्हत्या. शरीरशास्त्र तेच होते, बाकी सगळे नव्याने शिकायचे होते.

१३ दिवसांत ५५८ शस्त्रक्रिया…

ऑगस्ट १९४० मध्ये आठव्या मार्ग सेनेने उत्तर चीनमध्ये मोठा हल्ला चढवला. इतिहासात तो शंभर रेजिमेंट्सची मोहीम म्हणून ओळखला जातो. जपानच्या ताब्यातील रेल्वेमार्ग, पूल आणि चौक्या हे त्याचे लक्ष्य. बसू आणि कोटणीस यांनी आपसात आघाड्या वाटून घेतल्या. एका टप्प्यात कोटणीस यांच्या पथकाकडे १३ दिवसांत ८०० हून अधिक जखमी आले. त्यांतील ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या.

हा आकडा बहुतेक लेखांत येतो आणि पुढे जातो. तो जरा थांबून मोडून पाहिला पाहिजे. ५५८ भागिले १३ म्हणजे दिवसाला सुमारे ४३. प्रत्येकीला अर्धा तास धरला, तरी रोजचे साडेएकवीस तास होतात. अर्थात कोटणीस एकटे नव्हते. हाताखाली स्थानिक तरुण होते आणि एकाच वेळी एकापेक्षा जास्त जखमींवर काम चाले. तरीही झोपेला किती वेळ उरला असेल याचा अंदाज येतो. एकदा तर सलग तीन दिवस-रात्र ते शस्त्रक्रियेच्या टेबलापासून हलले नाहीत, अशी नोंद आहे.

मोहीम आटोपल्यावर बसू यानानला परतले. मूळ पाचांपैकी आघाडीवर आता एकटे कोटणीस उरले. जानेवारी १९४१ मध्ये त्यांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक नेमण्यात आले. वय ३०. रुग्णालय म्हणजे एक इमारत नव्हे. तांग परगण्यातल्या गेगोंग आणि आसपासच्या गावांत, शेतकऱ्यांच्या घरांमध्ये खाटा विखुरलेल्या. जपानी तुकड्यांची चाहूल लागली की जखमींना हलवायचे, सामान पुरायचे, डोंगरात जायचे आणि धोका टळला की परत येऊन तेच रुग्णालय पुन्हा मांडायचे.

शिक्षक म्हणून काम किती महत्त्वाचे?

कदाचित शस्त्रक्रियांपेक्षाही जास्त. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा होती. तेथे येणारी मुले शेतकऱ्यांच्या घरातली, बऱ्याच जणांचे शालेय शिक्षणही अर्धवट. त्यांना वर्ष-दोन वर्षांत आघाडीवर जखम हाताळता आली पाहिजे, ही गरज. कोटणीस त्यांना शल्यशास्त्र शिकवत आणि तेही चिनी भाषेत. जहाजावरच्या वहीतल्या शब्दांपासून सुरू झालेला अभ्यास दोन-तीन वर्षांत व्याख्यान देण्यापर्यंत गेला होता. चिनी लिहिणेही ते शिकले. शल्यशास्त्राच्या मूलतत्त्वांवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक तयार केले. पुढच्या भागाचे काम सुरू होते, ते अपुरे राहिले.

एक डॉक्टर दिवसाला ४३ शस्त्रक्रिया करू शकतो, पण कायम करू शकत नाही. त्याने ५० जणांना शिकवले तर हिशेबच बदलतो. मोहिमेचा मूळ हेतू काही काळ मदत करून परतण्याचा होता. कोटणीस थांबले, याचे एक मोठे कारण हे शिकवणे होते, असे त्यांच्या कामाच्या क्रमावरून दिसते. जुलै १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले.

गुओ छिंगलान कोण होत्या?

त्याच शाळेत गुओ छिंगलान परिचर्या शिकवत. बेथ्यून यांच्या स्मारकाच्या कार्यक्रमाच्या निमित्ताने दोघांची ओळख झाली. सोलापूरच्या या डॉक्टरला चिनी बोलता येते आणि लिहिताही येते, याचे त्यांना आश्चर्य वाटले होते. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांनी लग्न केले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सीमाभागाचे सेनापती निए रोंगझेन यांनी त्याचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन.

मृत्यू प्लेगने झाला?

नाही. हा गैरसमज चित्रपटाचा. १९४६ मध्ये आलेल्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’त प्लेगची साथ आणि तिच्यावरचा उपाय हा कथेचा मोठा भाग आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर तो बेतलेला होता, कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली आणि छिंगलान झाल्या जयश्री. चित्रपट म्हणून तो आजही पाहण्यासारखा आहे. पण प्रत्यक्षात डॉ. कोटणीस यांना अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे झटके येत होते.

अपस्मारावर तेव्हा औषध नव्हते असे नाही. फेनोबार्बिटल १९१२ पासून वापरात होते. फेनिटॉइन हे दुसरे परिणामकारक औषध अमेरिकेत रुग्णांवर यशस्वी ठरले ते १९३८ मध्ये, म्हणजे कोटणीस मुंबईतून निघाले त्याच वर्षी. पण झटके आवाक्यात ठेवायला औषध रोज, न चुकता घ्यावे लागते. पुरेशी झोप लागते, ताण कमी लागतो. जपानी वेढ्यातल्या डोंगरात यातले काहीच नव्हते. उपचारासाठी तेथून बाहेर पडावे, असा आग्रह त्यांना झाला. त्यांनी तो मानला नाही आणि झटक्यानंतर उठून पुन्हा कामाला लागत राहिले. डॉक्टर असल्याने पुढे काय होऊ शकते, हे त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक असणार.

८ डिसेंबर १९४२ च्या रात्री झटके थांबेनात. एकामागून एक झटके येत राहिले की मेंदूला आणि श्वसनाला सावरायला वेळच मिळत नाही. ९ डिसेंबरच्या पहाटे त्यांचा मृत्यू झाला. यिनहुआ तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. माओंनी शोकसंदेश लिहिला. १९५३ मध्ये त्यांचे अवशेष शीजियाझुआंगच्या हुतात्मा दफनभूमीत आणले गेले. बेथ्यूनही आज तेथेच आहेत.

पुढे काय झाले?

छिंगलान यांनी यिनहुआला वाढवले. वडिलांसारखाच तो वैद्यकीय शिक्षण घेत होता, पण १९६७ मध्ये, शिक्षण पूर्ण होण्याआधीच, तोही गेला. छिंगलान अनेकदा भारतात आल्या, कोटणीस कुटुंबाला भेटल्या. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. बसू कलकत्त्याला परतले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते त्यांनी भारतात आणले, ही त्या मोहिमेची फारशी कोणाला माहीत नसलेली शाखा.

१९६२ च्या युद्धानंतर दोन्ही देशांचे संबंध बिघडले, अलीकडे गलवाननंतर पुन्हा बिघडले. तरीही भारतात आलेले चिनी नेते कोटणीस यांच्या नातलगांना भेटत राहिले. राजकारणाला असे नाव सोयीचे असते, हेही खरे. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली. शीजियाझुआंगमध्ये त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे. तेथील विद्यार्थी शिक्षण संपवून निघताना त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात.

सोलापुरात भैया चौकातल्या कोटणीस यांच्या घराचे महापालिकेने स्मारक केले. रेल्वे स्थानकापासून ते जवळ आहे. तेथे त्यांचा अर्धपुतळा आहे, मोहिमेची छायाचित्रे आहेत. वही आणि शस्त्रक्रियेची हत्यारे मात्र शीजियाझुआंगलाच आहेत.